रविवारी न नाचलेली

"घे माप, लव्ह. लपवण्यासारखं काही नाही."

असं म्हणून ती बूट काढायची, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताठ पसरायची आणि शेतातल्या बुजगावण्यासारखी उभी राहायची. मी टेप घेऊन तिच्याभोवती फिरायचे. माप घेऊन झालं की हीच बाई आरशात बघत म्हणायची, "दंड पूर्ण झाकले गेले पाहिजेत. पाठ वरपर्यंत बंद. आणि खाली अजून एक इंच." लपवण्यासारखं काही नसलेल्या या बाईने तीन महिन्यांत माझ्याकडून जेवढं कापड जोडून घेतलं, तेवढं बाकीच्या अकरा स्पर्धकांनी मिळून वापरलं नसेल.

मी तेव्हा पश्चिम लंडनमधल्या एका टीव्ही स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करायचे. सकाळी हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन, मग बस, मग दिवसभर मशीन. नव्या शतकाची पाच-सहा वर्षं झाली होती आणि नामवंतांनी नाचायचं, परीक्षकांनी गुण द्यायचे, घरी बसलेल्या लोकांनी फोन करून मतं द्यायची, असल्या कार्यक्रमांचं वेड देशभर पसरलं होतं. नट यायचे, बातम्या देणाऱ्या बायका यायच्या, निवृत्त फुटबॉलपटू यायचे. त्या वर्षी ती आली.

ती भालाफेकपटू होती. म्हणजे दहा वर्षांपूर्वी होती. देशासाठी एक ब्राँझ पदक मिळवलेली, मग खांद्याचं ऑपरेशन, मग लग्न, मग चार मुलं. लँकशायरमधल्या एका लहान गावात शाळेत खेळ शिकवायची. तिकडच्या रिवाजाप्रमाणे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची. आणि ती मॉर्मन होती, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाची, ज्यात एके काळी पुरुष अनेक बायका करत. आजी-आजोबांपासून घरातले सगळेच त्या पंथाचे.

हे कळल्यावर कपडेपटात पहिला विनोद काय झाला असेल, तुम्ही ओळखलंच असेल. केस करणाऱ्या एका मुलाने तिला तोंडावर विचारलं, "तुमच्या नवऱ्याला बायका किती?"

"एकच," ती म्हणाली. "आणि तीसुद्धा सध्या लंडनमध्ये नाचतेय, म्हणून पोरं रोज बीन्स-टोस्ट खातायत."

मुलगा लाजला. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो दोन पावलं पुढे गेला. तिच्या थापेने माणूस पुढे जायचाच.

माझी अडचण वेगळी होती. मी रोज घरून थर्मासमध्ये चहा न्यायचे आणि माझ्या खोलीत येईल त्याला अर्धा कप द्यायचे. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मी चहा घेत नाही, लव्ह." मी म्हटलं, कॉफी आणू का? "तीही नाही. आमच्या पंथात चालत नाही." बरं, दारूचा तर प्रश्नच नव्हता. आता, चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हे आमच्या कोल्हापूरकडच्या घरात मला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन दिवस मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मी हॅरोच्या दुकानातून गवती चहाची जुडी आणली, आलं-गूळ घालून उकळली आणि दुसरा थर्मास भरला. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. ती कप खाली ठेवायला लागली.

"अगं, नावात चहा आहे, कपात नाही," मी म्हटलं. "हे गवत आहे."

तिने वास घेतला, एक घोट घेतला आणि मग सगळा थर्मास संपवला. त्यानंतर ती तालमीतून पाय ओढत आली, की दारातूनच म्हणायची, "गवत आहे का?"

सरावाच्या खोलीतून ज्या गोष्टी यायच्या, त्या ऐकून आम्ही हसून बेजार व्हायचो. तिचा नाचातला जोडीदार पूर्व युरोपातून आलेला तेवीस-चोवीस वर्षांचा व्यावसायिक नर्तक होता. काडीसारखा सरळ, फार शिस्तीचा. क्विकस्टेप या जलद नाचाच्या पहिल्याच तालमीत तिने वळण घेतलं आणि तो वळणाबाहेर गेला. "मी नाचवत नाही," तो माझ्याकडे फाटलेला शर्ट घेऊन आला तेव्हा म्हणाला, "मी नाचवला जातो." ती मागे उभी होती. "त्याला सांग," ती मला म्हणाली, "मी आठवड्याला सहा माणसांची वाणसामानाची पोती उचलते. तू त्यापुढे काहीच नाहीस." पण तिने ऐकलं मात्र त्याचं. पायाला फोड येऊन फुटले, तरी ती पट्टी बांधून पुन्हा उभी राहायची. खेळाडूंना शिकायची सवय असते. सांगितलेलं ते मनाला लावून घेत नाहीत, अंगाला लावून घेतात.

तिच्या त्या एकेका इंचावरून आमचा डिझायनर वैतागला होता. चांगला माणूस, पण त्याची चित्रं पाच रेषांत संपायची: एक रेष खांद्याला, दोन कमरेला, दोन मांडीला. तो मला म्हणायचा, "सू, तिला पडदाच गुंडाळ." मला तिथे सगळे सू म्हणत. सुलोचना हे नाव त्यांच्या जिभेला जड होतं, आणि मीही तिथल्या अठरा वर्षांच्या नोकरीत कधी हट्ट धरला नव्हता.

एकदा मी तिला विचारलं. धर्माबद्दल नव्हे, कपड्याबद्दलच. "असं झाकलं नाहीस, तर तुला कुणी ओरडणार आहे का?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझी एक बहीण पोहते, तिला काय पोहताना झग्यात पाठवतात? प्रत्येकीचं प्रत्येकीला ठरवता येतं. मी लग्नात वचन दिलं होतं, ते माझं माझ्यापाशी आहे. टीव्ही आहे म्हणून ते घरी ठेवून यायचं, हे मला जमत नाही, एवढंच."

मी एक इंच सोडला.

आठवड्यामागून आठवडे गेले. लोकांना वाटलं होतं ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जाईल. ती गेली नाही. रुम्बासारखा लाडिक नाच तिने असा केला, जणू बाजारात भांडून आलेले नवरा-बायको घरी येऊन हळूहळू समेट करतायत. परीक्षक आधी हसले आणि मग पुढे सरकून बघायला लागले. शेवटी बाराजणांतले चारच उरले, त्यांत ती होती.

आणि तेव्हाच ते रविवारचं प्रकरण आलं.

आधी सगळा कार्यक्रम शनिवारी व्हायचा: नाच, मतं, निकाल, सगळं एकाच संध्याकाळी. तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं, की रविवारी मी काम करत नाही, तो दिवस देवाचा आणि घरच्यांचा. कुणाला काही अडलं नव्हतं. पण प्रेक्षक वाढले, म्हणून वरच्यांनी ठरवलं, की आता शनिवारी नाच आणि रविवारी निकाल, तोही थेट. सर्वांत कमी मतं मिळालेल्या दोघांनी रविवारी पुन्हा एकदा नाचायचं आणि त्यातून एकजण बाहेर.

हे सांगायला निर्माती स्वतः माझ्या खोलीत आली. तरुण बाई, स्वभावाने मऊ, पण दमलेली. ती आली तेव्हा आमची ही स्टुलावर उभी होती, अंगावर कापडाला चाळीसेक टाचण्या लावलेल्या, आणि मी खाली गुडघ्यांवर, तोंडात आणखी चार टाचण्या. दोघींपैकी कुणालाच हलता येत नव्हतं.

"आम्ही चर्चनंतर गाडी पाठवू," निर्माती म्हणाली. "फक्त दोन तास. आणि तुम्ही खालच्या दोघांत येणारही नाही कदाचित."

"कदाचित येईनही."

"मग फक्त दीड मिनिटाचा नाच आहे."

"मला माहिती आहे. माझी तक्रार नाही. तुम्ही निकाल रविवारी लावा. मी खालच्या दोघांत आले, तर नाचायला येणार नाही असं समजा आणि मला काढा. रागाने नाही सांगत, लव्ह."

निर्माती दाराकडे वळली. मग म्हणाली, "लोकांनी इतकी मतं दिलीत तुम्हाला. त्यांचा विचार करा." आणि गेली.

ते मात्र तिला लागलं. मी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि तिला खाली उतरवलं. ती कापडासकट खुर्चीवर बसूही शकत नव्हती, म्हणून टेबलाला टेकून उभी राहिली.

"माझं पदक रविवारचं आहे," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"ब्राँझ. अंतिम फेरी रविवारी होती. मी तेवीस वर्षांची. आईने एक शब्द उच्चारला नाही, वडील विमानतळावर फुलं घेऊन आले. कुणी मला पापी म्हटलं नाही. पण मी ते पदक कधी भिंतीला लावलं नाही गं. स्वयंपाकघरात पुसण्याच्या फडक्यांच्या खणात आहे. मी चूक केली असं नाही म्हणत. आतून कसं वाटतं ते मला कळलं, एवढंच. मला ते पुन्हा नकोय."

मी तिला गवती चहा दिला. दुसरं काय देणार होते?

त्या शनिवारचा नाच पासो डोब्ले होता. स्पेनमधल्या बैल आणि माणसाच्या झुंजीवरचा नाच, ताठ पाठ, लांब ढांगा, जमिनीवर आपटलेल्या टाचा. डिझायनरने काढलेलं चित्र म्हणजे लाल आखूड घागरा आणि उघडी पाठ. लांब घागरा केला तर ढांग पडेना, आखूड केला तर तिला चालेना. एक इंचाने प्रश्न सुटणारा नव्हता. मंगळवार संध्याकाळ झाली तरी टेबलावर कापड तसंच.

घरी गेले आणि कपाट उघडलं. आमच्या हॅरोच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला मुली नाचायच्या, त्यांच्यासाठी मी शिवलेल्या नऊवाऱ्या ठेवायचे. इथे जन्मलेल्या मुलींना नेसता येत नाही, म्हणून काष्टा शिवूनच टाकलेला. एक हातात घेतली आणि तिथेच खाली बसले. पाय झाकलेले, पाठ झाकलेली आणि तरी बाई घोड्यावर बसेल, शेतात वाकेल, फुगडी घालेल. इतकी वर्षं मी हे मंडळाच्या मुलींसाठी कपाटात ठेवत होते आणि स्टुडिओत कापडाशी झटापट करत होते.

माझी मुलगी तेव्हा ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकत होती, सुट्टीसाठी आलेली. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, ही साडी टीव्हीवर जाणार? तुझा कल्पना?"

"माझी कल्पना," मी म्हटलं. एरवी मी तिची चूक सुधारते ती व्याकरणासाठी. त्या दिवशी व्याकरणासाठी आणि अभिमानासाठीही सुधारली.

बुधवारी मी ती साडी डिझायनरच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उलटसुलट केली, काष्ट्याची घडी उलगडून पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "शिव," एवढंच म्हणाला. हा त्याचा मोठेपणा.

साडी म्हणून नाही शिवली. काळं जड रेशीम, समोर निऱ्या, मागे काष्टा, काठाच्या जागी रुंद लाल पट्टा. वर मनगटापर्यंत बाह्या. हात वर गेला की पूर्ण बाहीचा कपडा वर ओढला जातो, म्हणून काखेत चौकोनी तुकडा घातला, जुन्या बंडीला असतो तसा. गुरुवारी तिने तो घातला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन ढांगांत गेली आणि हात मागे नेऊन पुढे झोकला. कुठे ओढलं नाही, कुठे वर सरकलं नाही.

ती माझ्याकडे वळली. "एक इंचही नको," ती म्हणाली.

मग तिने मला माझं नाव विचारलं. खरं नाव. मी सांगितलं. तिने एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, मला तीनदा म्हणायला लावलं आणि दोन दिवस, टाचण्या लावताना, बटणं लावताना, तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली. तिचा सगळा जोर 'च'वर पडायचा. मला वाटलं, ही तिची काही गंमत असेल.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे पडद्याआड सुई-दोरा घेऊन उभी होते. तो नाच मी तिथूनच, बाजूने पाहिला. तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर समोरून पाहिला असेल, तुम्ही नशीबवान. मला दिसत होती तिची पाठ आणि तिच्या ढांगा. तिने पाय टाकला की लाल काठ जमिनीवरून वाऱ्यासारखा जायचा. तो काडीसारखा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या बरोबरीचा वाटला, कारण ती त्याला पूर्ण ताकदीने भिडली आणि तो हलला नाही. संपलं तेव्हा दोघंही धापा टाकत होते. परीक्षकांपैकी जी बाई कधी पूर्ण गुण देत नसे, तिने दिले, आणि मग विचारलं, "हा पोशाख कुणाचा?"

डिझायनरचं नाव सांगायची रीत होती. ती माइकजवळ गेली.

"डिझायनर आमचे आहेतच," ती म्हणाली, "पण हा कपडा सुलोचनाने कापला आणि शिवला. तिच्या गावच्या बायका असा नेसतात. सुलोचना पडद्याआड उभी आहे."

'च'वर जोर न पडता नाव अगदी बरोबर आलं. माझ्या हातातली सुई खाली पडली आणि मी ती शोधत बसले, म्हणून कॅमेरा वळला तेव्हा मी दिसले नाही. घरी आमचे हे टीव्हीसमोर होते, मी रात्री पोचले तेव्हा तसेच बसलेले. ते म्हणाले, "तुझं नाव ऐकलं आणि क्षणभर वाटलं, शेजारची कुणी." मग उठून त्यांनी स्वतः चहा केला, जो त्यांनी त्यापूर्वी कधी केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला स्टुडिओत बोलावलं होतं. पोशाख इस्त्री करून हँगरवर तयार ठेवा, असा निरोप होता. न जाणो, आली तर. मी इस्त्री केली. निऱ्या एकेक बसवल्या. मला माहीत होतं ती येणार नाही, पण तिचा कपडा चुरगळलेला ठेवायचा नव्हता.

खालच्या दोघांत तिचं नाव आलं.

तिचा जोडीदार मंचावर एकटाच उभा होता. निवेदकाने सांगितलं, की ती आज नाचणार नाही, असं तिने आधीच कळवलं होतं, आणि त्यामुळे समोरची जोडी पुढे जाईल. स्टुडिओत कुणाला काय करावं कळेना. हरल्यावर टाळ्या वाजवतात, जिंकल्यावर वाजवतात, न आलेल्या माणसाला काय वाजवायचं? मग बँडमधला ट्रम्पेटवाला उभा राहिला, वाद्य मांडीवरून खाली ठेवून. मग बाकीचे वादक. मग प्रेक्षक एकेक करून. तो मुलगा हात पाठीमागे बांधून, हनुवटी वर करून उभा राहिला, तिने शिकवल्यासारखा, खेळाडू राष्ट्रगीताला उभे राहतात तसा.

सोमवारी ती सकाळीच माझ्या खोलीत आली. रविवारभर फोन बंद, टीव्ही बंद. जिथे राहत होती तिथल्या चॅपेलमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायला कुणी नव्हतं, तो तिने घेतला होता. वाटेत पेपरच्या दुकानासमोरून मान खाली घालून आली होती.

"सांग," ती म्हणाली. "मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मी सांगितलं. ट्रम्पेटवाल्यासकट सगळं सांगितलं.

"तो पोरगा नाराज होता का?"

"नाही. ताठ उभा होता."

तिने मान हलवली. मग माझ्या टेबलावर, कापडाच्या ढिगाऱ्यावर, डोकं ठेवून ती रडली. "मला जिंकायचं होतं गं, सुलोचना. फार जिंकायचं होतं." मी तिच्या त्या रुंद पाठीवरून हात फिरवत राहिले. दोन-तीन मिनिटांनी तिने तोंड धुतलं आणि विचारलं, की पावणेतीनची गाडी मिळेल का.

मी तिला सोडायला युस्टनला गेले. तिचा नवरा आणि चारही मुलं शनिवारीच आली होती, ती तिथे सामानाजवळ थांबली होती. नवरा बुटका, चष्मेवाला, तिच्या खांद्याला लागेल एवढा. त्याने तिला पाहिलं आणि काहीही न विचारता फक्त तिच्या हातातली बॅग घेतली. येणारे-जाणारे तिला ओळखत होते. एकाने लांबूनच टोपी काढली. तिने धाकटीला कडेवर घेतलं, मला एका हाताने असं कवटाळलं की माझा चष्मा वाकला, आणि ती फलाटाकडे गेली. मी तिला पुन्हा भेटले नाही. नाताळला कार्डं यायची, त्यात मुलांच्या उंच्या लिहिलेल्या असायच्या.

परत येताना मी युस्टन स्क्वेअरहून मेट्रोपॉलिटन पकडली. समोर एक म्हातारी इंग्रज बाई संध्याकाळचा पेपर वाचत होती. त्यात अर्ध्या पानावर आमच्या भालाफेकवालीचा फोटो: ढांग टाकलेली, हात मागे, काष्टा स्वच्छ दिसत होता.

बाई स्वतःशीच, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "वेडी मुलगी. एक रविवार गेला असता तर काय झालं असतं?"

मी त्या देशात येऊन वीस वर्षं झाली होती आणि ट्रेनमध्ये अनोळखी माणसाशी मी कधी आपणहून बोलले नव्हते.

"तिने येणार नाही म्हणून सांगितलं होतं," मी म्हटलं, "आणि ती आली नाही. इतकं सरळ वागणारं माणूस मी फार कमी पाहिलंय."

बाईने पेपरावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते. हा ड्रेस मी शिवलाय."

तिने चष्मा नाकावर वर सरकवला, पेपर डोळ्यांजवळ धरला आणि फोटो पुन्हा नीट पाहिला, बाह्यांपासून खालच्या काठापर्यंत. मग तिने तिची पिशवी शेजारच्या सीटवरून उचलून मांडीवर घेतली आणि मला तिथे बसायची खूण केली.

"सांगा बरं," ती म्हणाली, "कशी आहे ती?"

हॅरो येईपर्यंत मी सांगत होते.